थारला कोणते शॉकअप टाकायचे यावर वाद घालताय? मग जीप माझगावात आणणाऱ्या के. सी. महिंद्रांची गोष्ट वाचाच

थार घेतली की महिन्याभरात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे लिफ्टचा. गाडी दोन इंच वर घ्यायची, मोठे टायर टाकायचे. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. खरा वाद सुरू होतो शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत शॉकअपवर. तेलाचे घ्यायचे की गॅसचे? किती लांब? कडक की मऊ? ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा, नाहीतर चोर बाजारातल्या जुन्या मिस्त्रीला विचारा, प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

मुळात हा प्रश्न पडतो, कारण भारतात सामान्य माणसाला परवडेल अशी, खराब रस्त्यासाठीच बनवलेली एक गाडी आहे. तिचं खानदान सुरू होतं १९४९ साली, मुंबईच्या माझगावमधून. आणि ती गाडी भारतात बनावी हे ज्यांनी ठरवलं, ते ना इंजिनिअर होते, ना मुंबईकर. ते होते पंजाबातून आलेले, कलकत्त्यात करिअर केलेले आणि पन्नाशी ओलांडल्यावर धंद्यात उतरलेले कैलाशचंद्र महिंद्रा, म्हणजेच के. सी. महिंद्रा.

मोठ्या भावाच्या जिवावर केंब्रिज

के. सी. यांचा जन्म १८९४ सालचा, लुधियानाचा. घरात नऊ भावंडं आणि त्यात यांचा नंबर दुसरा. वडील लवकर गेले. घराची जबाबदारी आली सगळ्यात मोठ्या जगदीशचंद्र यांच्यावर. जे. सी. हे के. सी. यांच्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठे.

जे. सी. शिकले ते मुंबईत, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये. म्हणजे आजचं आपलं व्हीजेटीआय. तेव्हा ही संस्था भायखळ्याला होती, माटुंग्याला ती १९२३ साली गेली. ज्या भायखळ्यात मोठा भाऊ शिकला, तिथून हाकेच्या अंतरावरच्या माझगावात पुढे दोघा भावांच्या कंपनीची जीप तयार होणार होती, हा योगायोगच म्हणायचा.

शिक्षणाशिवाय घर वर येणार नाही, हे जे. सी. यांचं पक्कं मत होतं. त्यांनी धाकट्या भावाला थेट केंब्रिजला पाठवलं. के. सी. तिथून ऑनर्स घेऊन परत आले आणि कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीत लागले. सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांची ही कंपनी. कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल बांधणारी, पूल, पाणीपुरवठा, छोट्या रेल्वे अशी कामं करणारी.

के. सी. यांना लिहिण्याचाही नाद होता. हिंदुस्थान रिव्ह्यू या नियतकालिकाचं संपादन त्यांनी केलं आणि राजेंद्रनाथ मुखर्जींचं चरित्रही लिहिलं. थोडक्यात, गडी अभ्यासू होता. नटबोल्ट खोलण्यापेक्षा कागद वाचून, माणसं पारखून निर्णय घेणं ही त्यांची ताकद होती.

इकडे जे. सी. टाटा स्टीलमध्ये विक्रीचं काम बघत होते. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा सरकारनं त्यांना देशाचे स्टील कंट्रोलर केलं. म्हणजे एक भाऊ पोलादाच्या व्यवहारात मुरलेला, तर दुसरा मोठ्या कंपनीचा कारभार बघितलेला.

अमेरिकेत जीप भेटली

१९४२ साली के. सी. यांना भारताच्या सप्लाय मिशनचं प्रमुख करून अमेरिकेला पाठवण्यात आलं. युद्धासाठी लागणारा माल अमेरिकेतून मिळवणं हे या मिशनचं काम. त्या काळात अमेरिकेत ज्या गाडीची सगळ्यात जास्त चर्चा होती, ती होती जीप.

१९४० साली अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. लष्करानं वजनाची पहिली अट घातली सुमारे ५९० किलोची. ती कुणालाच जमेना. शेवटी मर्यादा वाढवून सुमारे ९८० किलो केली, तरी विलिस ओव्हरलँड कंपनीची गाडी जडच भरत होती. तेव्हा विलिसचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांच्या टीमनं गाडी अक्षरशः सुटी करून एकेका बोल्टचं वजन बघितलं आणि ग्रॅम ग्रॅम करत वजन उतरवलं. इंजिनाची ताकद तर रूस यांनी आधीच ४८ हॉर्सपॉवरवरून ६० वर नेली होती.

या बार्नी रूस यांची आणि के. सी. यांची अमेरिकेत भेट झाली. आणि के. सी. यांच्या डोक्यात एक गणित बसलं. युद्ध संपणार, देश स्वतंत्र होणार. त्या देशात डांबरी रस्ते कमी आणि बैलगाडीच्या वाटाच जास्त. तिथं आधी कोणती गाडी लागेल? शहरातल्या शेठची मोटार, की जंगल खातं, धरणाचं काम, लष्कर आणि शेत, सगळीकडे जाणारी जीप?

रूस यांनी साधे पाटेच ठेवले

इथं जीपच्या खाली डोकावून बघणं गरजेचं आहे, कारण आजच्या शॉकअपच्या वादाचं मूळ तिथंच आहे.

बार्नी रूस हे सस्पेन्शनमधले जाणकार होते. विलिसमध्ये येण्याआधी स्टुडबेकर कंपनीत आणि मग इंग्लंडमध्ये रूट्स ग्रुपमध्ये त्यांनी मोटारींसाठी पुढच्या दोन्ही चाकांना वेगवेगळं हलू देणारं सस्पेन्शन बनवलं होतं. अशी गाडी खड्ड्यात कमी आदळते, बसणाऱ्याला आराम मिळतो. तरीही लष्कराच्या जीपला पुढे आणि मागे सरळ अखंड अ‍ॅक्सल, त्याला पाट्याच्या कमानी आणि प्रत्येक चाकापाशी एक तेलाचा शॉकअप, इतकंच होतं.

कारण साधं आहे. पाटा आणि शॉकअप यांची कामं वेगळी असतात. पाटा गाडीचं वजन पेलतो आणि धक्का बसला की वाकतो. पण वाकलेला पाटा परत उसळतो, मग पुन्हा वाकतो, पुन्हा उसळतो. ही उसळी थांबवण्याचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं. आतला दट्ट्या वर-खाली होताना ते तेल बारीक भोकांमधून आणि झडपांमधून ढकललं जातं, आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. शॉकअप गाडीला उचलून धरत नाही, तो फक्त तिला डोलू देत नाही.

पाट्यांची एक जादा गंमत म्हणजे एकावर एक पानं घासल्यामुळे थोडी उसळी तिथंच मरते. वर पान तुटलं तर गावातला लोहारही काहीतरी करून देतो. ओझं वाढलं तर एक पान वाढवता येतं. आराम कमी, पण अडलेली गाडी घरी येणार याची खात्री जास्त. भारतासाठी हेच महत्त्वाचं होतं.

पार्टनर गेला पाकिस्तानात

२ ऑक्टोबर १९४५ ला कंपनी स्थापन झाली. जे. सी. तेव्हा ५३ वर्षांचे, के. सी. ५१ वर्षांचे. त्यांचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. हिशोबाच्या सरकारी सेवेत काम केलेला हुशार माणूस. कंपनीचं नाव ठेवलं महिंद्रा अँड मोहम्मद, आणि धंदा पोलादाच्या व्यापाराचा.

के. सी. अमेरिकेहून परतल्यावर सरकारनंही त्यांना कामाला लावलं. १९४६ च्या कोळसा खाण समितीचे ते अध्यक्ष होते, तिचा अहवाल महिंद्रा समितीचा अहवाल म्हणूनच ओळखला जातो. मोटार आणि ट्रॅक्टर उद्योगासाठी नेमलेल्या पॅनेलचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. देशात कोण कोणती गाडी बनवू शकेल, सुटे भाग कुठून येतील, याचा पूर्ण हिशोब त्यामुळे त्यांच्यासमोर होता.

मग आला ऑगस्ट १९४७. फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. नुसते गेले नाहीत, तर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये तर गव्हर्नर जनरल. इकडे कंपनीच्या पाटीवरचं अर्धं नाव दुसऱ्या देशात गेलं होतं. १९४८ च्या जानेवारीत नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा करण्यात आलं. एम अँड एम ही अक्षरं मात्र तीच राहिली.

भागीदार गेलेला, देश होरपळलेला, आणि हातात पोलादाचा व्यापार. अशा वेळी जे चाललंय ते सांभाळून बसणं सोपं होतं. पण १९४७ सालीच महिंद्रांनी विलिसकडून सुट्या भागांच्या स्वरूपात ७५ गाड्या मागवल्या होत्या.

माझगावात पहिली जीप

तेव्हा मोटारीच्या धंद्यात दोन मोठी नावं होती. बिर्लांनी १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स काढली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. दोघांचा भर मोटारी आणि ट्रकवर. जीपकडे मात्र महिंद्रांनी लक्ष दिलं.

जागा घेतली माझगावला. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीकडून ११,०७१ चौरस यार्ड जमीन भाड्यानं घेतली. गोदीजवळची जागा, त्यामुळे बोटीतून उतरलेल्या पेट्या लांब न्यायची गरज नाही. आणि मागे भायखळा, लालबाग, परळचा पट्टा. कापड गिरण्या, रेल्वेची वर्कशॉप, फाउंड्री, लेथची छोटी दुकानं. फिटर, टर्नर, वेल्डर असा यंत्रावर हात बसलेला कामगार या भागात राहत होता.

१९४९ साली माझगावच्या या कारखान्यात भारतात जोडलेली पहिली विलिस जीप तयार झाली. भाग अमेरिकेचे, जोडणी मुंबईची.

पण दोनच वर्षांत, १९५१ मध्ये जे. सी. गेले. ज्या भावानं वडिलांच्या मागे घर सांभाळलं, केंब्रिजला पाठवलं, त्याच्याबरोबर सुरू केलेला धंदा आता ५७ वर्षांच्या के. सी. यांना पुढे न्यायचा होता.

शिवडीतून जनरल मोटर्स गेली, माझगावातून महिंद्रा गेले नाहीत

खरी परीक्षा १९५३ मध्ये आली. माझगावपासून जवळच, शिवडीला, अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा कारखाना होता. १९२८ पासून तिथं शेवरोले गाड्या जोडल्या जायच्या. मुंबईच्या रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी गाड्या आणि ट्रक शिवडीतूनच निघालेले.

१९५३ साली टॅरिफ कमिशननं सांगितलं की परदेशातून भाग आणून नुसत्या गाड्या जोडायचे दिवस संपले. इथंच भाग बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनाच धंदा करता येईल. भारताची बाजारपेठ तेव्हा छोटी. इतक्या कमी गाड्यांसाठी कारखाना टाकणं जनरल मोटर्सला परवडणारं वाटलं नाही. १९५४ मध्ये शिवडीचं काम बंद झालं. फोर्डनंही भारतातला गाशा गुंडाळला.

महिंद्राही तेव्हा जोडणीच करत होते. जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी जिथं हात टेकते, तिथं पोलादाचा व्यापार करणाऱ्यांनी काय करावं? के. सी. यांनी राहायचं ठरवलं. १९५४ मध्ये विलिसबरोबर तांत्रिक आणि आर्थिक सहकार्याचा करार झाला आणि जीपचे भाग टप्प्याटप्प्यानं भारतात बनवायचं काम सुरू झालं.

इथं जीपचा साधेपणा कामी आला. मोटारीची गुळगुळीत, वळणदार बॉडी बनवायला मोठमोठे प्रेस आणि महागडे साचे लागतात. दरवर्षी मॉडेल बदललं की साचे बदला. जीपची बॉडी म्हणजे बहुतेक सपाट पत्रा. खाली शिडीसारखी चासी, तिला पाटे, अ‍ॅक्सल, शॉकअप हे सगळे वेगवेगळे जोडलेले. एक एक भाग घेऊन त्याचा इथला पुरवठादार उभा करता येत होता. पाटे इथं होऊ शकत होते, कारण पोलाद महिंद्रांचाच विषय. शॉकअपसारखे नाजूक भाग बनवणारे कारखानेही हळूहळू आले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियानं मुलुंडला शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवायला सुरुवात केली.

उंच बॉनेटची सीजे ३ बी ही जीप अमेरिकेत १९५३ मध्ये आली. तिथं ती कधीच बंद झाली, पण महिंद्रांनी ती पुढे कित्येक दशकं बनवली. लष्कर, पोलीस, जंगल खातं, पाटबंधारे, निवडणुकीचा प्रचार आणि मराठी-हिंदी सिनेमातला पाटील, सगळ्यांकडे हीच.

मग शॉकअपचं काय करायचं?

जीपचे भाग असे सुटे असल्यामुळेच ती बदलायला सोपी झाली. जुन्या जीपमध्ये पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असतो. तो काढून अ‍ॅक्सलच्या वर बसवला की गाडी साधारण चार-पाच इंच वर येते. जास्त कमानीचे पाटे टाकले तरी गाडी वर येते. २०१० च्या थारमध्ये मागे पाटेच होते. २०२० च्या थारमध्ये पाटे गेले, दोन्हीकडे कॉइल स्प्रिंग आल्या. त्यात स्प्रिंगच बदलतात किंवा तिच्यावर स्पेसर बसवतात.

घोळ होतो तो पुढे. गाडी वर गेली, पण शॉकअप जुनाच राहिला तर तो उभ्या गाडीतच जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो. चाक खड्ड्यात लोंबकळलं की त्याला अजून लांब व्हायला जागाच नसते. मग सगळं ओझं शॉकअपच्या दांड्यावर आणि टोकाच्या बुशवर येतं. सील फुटतं, तेल गळतं, नाहीतर डोळाच तुटतो.

म्हणून काहीजण मिळेल तो सगळ्यात लांब शॉकअप टाकतात. तेही चूक. लांब शॉकअप मिटल्यावरसुद्धा लांबच राहतो. चाक दगडावर चढून पूर्ण वर आलं की बंप स्टॉपचं रबर टेकायच्या आधीच दट्ट्या आत आपटतो.

यावरचा उपाय म्हणजे मापं घेणं, आणि तीही लिफ्ट बसवल्यानंतर. शॉकअप जिथं अडकवतात त्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर तीन वेळा मोजायचं. एकदा गाडी सपाट जमिनीवर उभी असताना. एकदा चाक वर ढकलून बंप स्टॉप टेकलेला असताना. आणि एकदा चासी स्टँडवर घेऊन चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना. शॉकअपची मिटलेली लांबी दुसऱ्या मापापेक्षा थोडी कमी हवी आणि उघडलेली लांबी तिसऱ्या मापापेक्षा थोडी जास्त. उभ्या गाडीत दट्ट्या नळीच्या मध्याच्या आसपास असला की वर-खाली दोन्हीकडे जागा राहते. चाक खाली लोंबकळलेलं असतानाच ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना आणि प्रोपेलर शाफ्टचे सांधे अडत नाहीत ना, हेही बघून घ्यायचं.

लांबी जमली की मग कडकपणा. कडक स्प्रिंग जोरात उसळते, तिला उसळी धरणारा शॉकअप लागतो. तो कमी पडला तर गाडी होडीसारखी डोलते. गरजेपेक्षा जास्त कडक झाला तर उलटं होतं. कच्च्या रस्त्यावर लागोपाठ खड्डे आले की चाक खाली यायला वेळच मिळत नाही, पकड सुटते. मोठा टायर जड असतो, त्यामुळे त्याला आवरायलाही शॉकअपला जादा ताकद लागते.

तेल की गॅस, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. खराब रस्त्यावर तासभर चाललं की तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. गॅसचा दाब हा फेस कमी करतो, तेल मात्र त्यातही असतंच. दुहेरी नळीचा शॉकअप स्वस्त असतो आणि बाहेरून दगडाचा पोचा आला तरी बहुतेकदा चालत राहतो. एकेरी नळीचा लवकर थंड होतो, पण नळीला पोचा पडला की दट्ट्या अडकतो. रोज दादर ते परळ ऑफिस आणि वर्षातून दोनदा सह्याद्रीतली वाट, असं असेल तर महागड्या रेसिंग शॉकअपची गरज नाही.

आणि हो, कंपनीनं दिलेल्या मूळ मापात फेरफार करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्यामुळे गाडी वर उचलण्याआधी आरटीओचा नियम बघणं गरजेचं.

मागे काय राहिलं?

के. सी. महिंद्रा १९६३ साली गेले. त्यांच्यानंतर अध्यक्षपद केशुब महिंद्रांकडे आलं आणि ते त्यांनी जवळपास पाच दशकं सांभाळलं. माझगावची जागा अपुरी पडायला लागली तसं काम कांदिवलीला सरकलं, पुढे नाशिकपर्यंत गेलं. के. सी. गेले त्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी सुरू झाली. ट्रॅक्टर हा विषयही त्यांनी १९४० च्या दशकातल्या त्या सरकारी पॅनेलवर असतानाच अभ्यासलेला.

आणखी एक गोष्ट त्यांनी १९५३ मध्येच करून ठेवली होती. टॅरिफ कमिशनमुळे धंदा राहणार की जाणार, असा प्रश्न ज्या वर्षी समोर होता, त्याच वर्षी त्यांनी के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट सुरू केला. परदेशात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हा ट्रस्ट आजही मदत करतो. मुलींच्या शिक्षणासाठीचा नन्ही कली हा उपक्रम १९९६ मध्ये याच ट्रस्टनं सुरू केला. वडील गेल्यावर मोठ्या भावानं पैसे जमवून केंब्रिजला पाठवलं नसतं, तर अमेरिका, बार्नी रूस आणि माझगाव यातलं काहीच घडलं नसतं, हे के. सी. यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?